गाडीबरोबर टायरचीही नोंद : अमेरिकेतल्या गाडी-डीलरांसाठी कृती

गाडी विकली की तिचे कागद आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो. टायटल, ओडोमीटरचे निवेदन, कर, तात्पुरती प्लेट, बँकेचे कागद. एक सही राहिली तर पैसे अडकतात, म्हणून सही राहत नाही. टायरच्या नोंदीचे तसे नाही. ती राहिली तर त्या दिवशी कुणाचेच काही अडत नाही. अडते ते दोन-तीन वर्षांनी, भर उन्हाळ्यात, हायवेवर. आणि तेव्हा त्या गाडीत आपले गिऱ्हाईक आणि त्याची मुलेबाळे बसलेली असतात.

गाडीला १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन असतो आणि तो राज्याच्या दप्तरात मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. गाडी तीन हात फिरली तरी कंपनी राज्याच्या नोंदीवरून आजचा मालक शोधून काढते आणि त्याला रिकॉलचे पत्र धाडते. टायरचा नंबर मात्र कुठल्याच डीएमव्हीच्या दप्तरात नसतो. टायर कुणाकडे गेला हे टायर कंपनीला कळायचे तर विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने कळवायला हवे, दुसरी वाट नाही. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने आपले एटीएक्स, एटीएक्स-टू आणि वाइल्डरनेस एटी हे टायर परत मागवले, तेव्हा त्यांतले सुमारे ६५ लाख टायर रस्त्यावर धावत होते, बरेचसे फोर्ड एक्सप्लोररला बसवलेले. धावता धावता टायरचा वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. शेकडो माणसे गेली. इतक्या टायरांच्या मालकांना शोधायचे म्हणजे काय, हे तेव्हा साऱ्या देशाने पाहिले.

नोंदीचा नियम त्याच्याही कितीतरी आधीचा आहे. १९७० मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त करून टायर घेणाऱ्यांची नावे-पत्ते ठेवणे आणले आणि १९७१ पासून तो नियम अमलात आला. फेडरल नियमावलीच्या ४९व्या खंडातला भाग ५७४ तो हाच. राबवणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन, जिला धंद्यात सगळे ‘निट्सा’ म्हणतात. १९८२ मध्ये काँग्रेसने स्वतंत्र टायर-विक्रेत्यांवरचा भार हलका केला. नंबर भरलेले कार्ड गिऱ्हाइकाच्या हातात दिले की विक्रेत्याचे काम संपले, पुढे पोस्टात टाकायचे की नाही ते गिऱ्हाइकाने पाहावे, असे झाले. २००८ मध्ये संगणकावरून नोंद कळवायची सोय आली.

हा नियम टायरच्या दुकानांसाठी आहे, आपण तर गाड्या विकतो, असे पुष्कळ डीलरांना वाटते. इथेच चूक होते. आपली बरीच मराठी माणसे आज या धंद्यात आहेत, कुणाचा स्वतःचा लॉट आहे, कुणी मोठ्या डीलरशिपच्या ऑफिसात टायटलचे काम पाहते. त्यांच्यासाठी ही कृती मुद्दाम तपशिलात लिहिते आहे.

आधी ठरवा : ही नोंद कुणी करायची

नवी गाडी कारखान्यातून जे टायर घालून आली त्याच टायरांवर विकली, तर टायरांची नोंद गाडीच्या कंपनीची. कोणत्या गाडीवर कोणते टायर होते आणि ती गाडी पहिल्यांदा कुणी घेतली, हे दोन्ही कंपनीने विक्रीपासून किमान ५ वर्षे जपून ठेवायचे असते. तुमचे काम एवढेच, की गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेल्याचा रिपोर्ट, म्हणजे आपल्या भाषेत आरडीआर, बरोबर नाव आणि बरोबर पत्ता घालून पाठवायचा. महिन्याचे टार्गेट गाठायच्या घाईत आरडीआरमध्ये भलताच पत्ता गेला, तर गाडीच्या आणि टायरच्या दोन्ही नोंदी एका फटक्यात बिघडतात.

नव्याच गाडीचे टायर तुमच्याकडे बदलले असतील तर गोष्ट वेगळी. गिऱ्हाइकाला मोठ्या रिम हव्या होत्या, किंवा मिनेसोटात राहतो म्हणून बर्फाचे टायर आधीच चढवून हवे होते. कंपनीच्या नोंदीत एक नंबर आणि गाडीखाली दुसराच, असे होते. अशा विक्रीत नियम तुम्हालाच टायरचा विक्रेता धरतो.

जुन्या गाडीचे तर याहून स्पष्ट आहे. ट्रेड-इनमध्ये आलेली किंवा ऑक्शनमधून उचललेली गाडी लॉटवर उभी करण्याआधी तुम्ही तिला नवे कोरे टायर घातले आणि ती वापरणाऱ्या माणसाला विकली, की तुम्ही त्या टायरांचे विक्रेते झालात. ६० दिवसांहून जास्त मुदतीच्या लीजवर दिली तरी तेच. चारही बदलले पाहिजेत असे नाही. पुढची जोडी नवी आणि मागची जुनी असेल तर त्या जोडीपुरती नोंद तुमची.

गाडी दुसऱ्या डीलरला किंवा ऑक्शनला विकली तर ही नोंद लागत नाही, कारण ती पुन्हा विकली जाणार आहे. जुनेच टायर ठेवून गाडी विकली तरी लागत नाही. तुमच्या सर्व्हिस खात्याने काउंटरवर कुणाला सुटे नवे टायर विकले, तर मात्र तुम्ही सरळसरळ टायरवाले, त्यात शंकाच नको.

टायर आले त्याच दिवशी

बहुतेक छोटे लॉट टायर स्वतः साठवत नाहीत. जवळच्या टायरवाल्याकडे गाडी पाठवतात आणि तो चार टायर घालून बिल देतो. इथे एक गोची होते. टायरवाल्याच्या संगणकात गिऱ्हाईक म्हणून तुमच्या डीलरशिपचे नाव असते. तो सवयीने टायरांची नोंद तुमच्या नावावर, तुमच्या पत्त्यावर करून टाकतो. त्याच्या दृष्टीने काम झाले. पुढे महिन्याभरात गाडी विकली जाते आणि एडिसनच्या कुटुंबाकडे जाते. दोन वर्षांनी टायर सदोष निघाले तर रिकॉलचे पत्र तुमच्या दारात येणार आणि ते कुटुंब त्याच टायरांवर नायगारा पाहून येणार.

म्हणून टायरवाल्याला एकदाच नीट सांगून ठेवा, आणि लेखी सांगा, की आमच्या गाड्यांचे टायर पुढे विकण्यासाठी आहेत, त्यांची नोंद आमच्या नावावर करू नका. त्याऐवजी दोन गोष्टी द्या. बिलावर चारही टायरांचे पूर्ण नंबर लिहा, आणि त्या टायर कंपनीची कोरी कार्डे आमच्याकडे ठेवा. टायर कंपन्यांनी ही कार्डे आपल्या विक्रेत्यांना फुकट द्यायची असतात, तेव्हा ती देताना त्याच्या खिशातून काही जात नाही.

तुमच्याच शॉपमध्ये टायर बसवत असाल तर नंबर उतरवण्याचे काम फिटरकडे द्या, ऑफिसकडे नको. तो नंबर आरओवर, म्हणजे शॉपच्या कामाच्या कागदावर, लिहिला गेला पाहिजे, आणि टायर रिमवर चढण्याआधी. का, ते पुढे सांगते.

नंबर वाचायचा कसा

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ ही तीन अक्षरे शोधा. त्यापुढे जो अक्षर-आकड्यांचा माग जातो तोच टायरचा ओळख नंबर, धंद्यात ज्याला टिन म्हणतात. नव्या पद्धतीत तो १३ घरांचा असतो. पहिली ३ घरे कारखान्याची, मधली ६ कंपनीच्या स्वतःच्या खुणेची, शेवटची ४ तारखेची. जुन्या टायरांवर कारखान्याची खूण २ घरांची आणि एकूण नंबर लहान दिसेल. ही नवी पद्धत २०१५ च्या नियमाने आली आणि कारखान्यांना ती पूर्ण अंगीकारायला एप्रिल २०२५ पर्यंत मुदत होती. त्यामुळे दोन्ही तऱ्हेचे टायर अजून काही वर्षे हाताखालून जातील. अमेरिकेत विकायचा टायर जगात कुठेही बनलेला असो, आपल्याकडचा असो की थायलंडचा, कारखान्याची खूण निट्साकडून घेतलेलीच असते.

शेवटचे चार आकडे फार कामाचे. ३५२४ असेल तर २०२४ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला टायर. शेवटी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. तो नव्या गिऱ्हाइकाच्या गाडीखाली असूच नये, कितीही कोरा दिसला तरी. स्टेपनी तपासताना असे टायर अधूनमधून सापडतात.

आता फिटरकडे का, ते. पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असण्याची परवानगी आहे. दुसऱ्या बाजूवर तारखेचे आकडे सोडून अर्धामुर्धा नंबर चालतो. पूर्ण नंबर बाहेरच्या अंगाला येईल अशी योजना असते, पण टायर उलटा बसवला गेला तर तो आत जातो. मग लॉटवर उभ्या गाडीपाशी वाकून कितीही शोधा, तारीख सापडणार नाही. ऑफिसातला मुलगा मग ‘असेल असाच’ म्हणून अर्धा नंबर लिहून मोकळा होतो. रिकॉल बहुतेक वेळा ठरावीक आठवड्यांत बनलेल्या टायरांचा असतो. तारीख नसलेला नंबर तिथे निरुपयोगी. टायर जमिनीवर आडवा असताना नंबर वाचायला अर्धे मिनिट लागते, चढवल्यावर गाडी लिफ्टवर घ्यावी लागते.

अक्षरे जेमतेम ६ मिलिमीटर उंचीची असतात, काळ्यावर काळी. ओल्या फडक्याने जागा पुसा, वरून खडूची कांडी आडवी फिरवा, अक्षरे पांढरी उठून दिसतात. फोनने फोटो काढत असाल तर बॅटरी सरळ मारू नका, बाजूने तिरपी धरा, सावलीमुळे अक्षर वाचता येते.

वाचताना लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे, ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. टायरच्या नंबरात इंग्रजीतली जी, आय, ओ, क्यू, एस आणि झेड ही सहा अक्षरे वापरतच नाहीत. आकड्यांशी घोळ होऊ नये म्हणून ती मुळातच वगळली आहेत. तेव्हा ‘ओ’ वाटले ते शून्य, ‘आय’ वाटले तो एक, ‘एस’ वाटले तो पाच, ‘झेड’ वाटले तो दोन आणि ‘जी’ वाटले तो सहा. ही यादी शॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवा. नंबर परत येण्याची निम्मी कारणे तिथेच मिटतात.

शेवटचे म्हणजे चारही टायर वाचा. एकाच ऑर्डरमध्ये आलेल्या चार टायरांचे आठवडे वेगळे असू शकतात. एक नंबर वाचून त्यापुढे ‘४ नग’ लिहायचे असेल तर चारही खरोखर सारखे आहेत हे पाहूनच लिहा. कार्डावर नगांचा रकाना असतो तो यासाठीच.

हे चार नंबर गाडीच्या स्टॉक नंबराखाली डीएमएसमध्ये, म्हणजे डीलरशिपच्या संगणक-प्रणालीत, चढवा. गाडी अजून विकली गेलेली नाही, नाव कुणाचेच नाही, तरीही नंबर आताच चढले पाहिजेत. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता चावी देताना कुणीही टायरपाशी गुडघे टेकून बसत नाही.

विक्रीच्या वेळी : नाव आणि पत्ता

नोंदीला तीनच गोष्टी लागतात. घेणाऱ्याचे नाव-पत्ता, टायरांचे नंबर, आणि विकणाऱ्याचे म्हणजे तुमचे नाव-पत्ता. फोन आणि ईमेल कार्डावर मागितला असेल तर द्यावा, पण पोस्टाचा पत्ता कधीही सोडू नये.

नाव लायसन्सवर जसे आहे तसे घ्या. आपल्या लोकांच्या बाबतीत हे जास्त जपावे लागते. कुणाचे वडिलांचे नाव मधले नाव होते, कुणाचे आडनावच पासपोर्टात रिकामे असल्यामुळे लायसन्सवर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिले नाव अज्ञात, असे छापलेले असते. सेल्समनने आपुलकीने ‘सोनू’ लिहून ठेवलेले टायर कंपनीच्या काहीच कामाचे नाही.

पत्त्याचे त्याहून अवघड. मास्टर्सला आलेला विद्यार्थी पहिली गाडी घेतो तेव्हा त्याचा पत्ता जेमतेम वर्षभर टिकतो. पुढच्या मे महिन्यात तो नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात. गाडीच्या रिकॉलसाठी राज्याची नोंद बदलेल, टायरची आपोआप बदलणार नाही. त्याला तेवढे समजावून सांगा, की घर बदलले की टायर कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पत्ता बदल. त्याच्याकडे नंबर असावेत म्हणून बिलाची एक प्रत त्याच्या फोनमध्ये फोटो करून द्या. मला विचाराल तर हे दोन मिनिटांचे बोलणे कार्डाइतकेच महत्त्वाचे आहे, नियमात नसले तरी.

वडिलांनी गाडी घेतली आणि चालवणार मुलगी, असे असेल तर नाव विकत घेणाऱ्याचे, म्हणजे बिलावर ज्याचे नाव त्याचे.

तीन वाटा, त्यांतली एक

टायर कंपनीच्या मालकीचे नसलेले सगळे विक्रेते, म्हणजे जवळजवळ सगळेच गाडी-डीलर, पुढीलपैकी एक वाट धरू शकतात.

एक, कार्ड गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे. त्यावर टायरांचे पूर्ण नंबर आणि तुमचे नाव-पत्ता तुम्ही आधीच भरलेला असला पाहिजे. स्वतःचे नाव-पत्ता भरून पोस्टात टाकणे गिऱ्हाइकाकडे. कोरे कार्ड ग्लव्ह बॉक्समध्ये टाकले म्हणजे नियम पाळला, असे होत नाही.

दुसरी वाट, कार्ड तुम्हीच पूर्ण भरून ३० दिवसांच्या आत टायर कंपनीला किंवा तिने नेमलेल्या नोंदणी संस्थेला पाठवायचे.

तिसरी, हीच माहिती ३० दिवसांच्या आत संगणकावरून पाठवायची, कंपनीने सांगितलेल्या किंवा मान्य केलेल्या मार्गाने. ही वाट धरली तर नोंद तुम्ही कळवणार आहात असे एक वाक्य बिलावर छापून ते बिल गिऱ्हाइकाला द्यावे लागते. हे वाक्य लोक विसरतात. डीएमएसवाल्याला सांगून ते बिलाच्या साच्यातच घालून घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या वाटेसाठी गिऱ्हाइकाकडून पैसे घेता येत नाहीत. बिलात ‘टायर रजिस्ट्रेशन फी’ अशी ओळ दिसली तर ती काढून टाका.

पहिली वाट कायद्याला पुरते, पण माझे मत विचाराल तर ती धरू नका. नवी गाडी घेतलेल्या माणसाच्या हातात त्या दिवशी कागदांचा गठ्ठा असतो. त्यातले एक कार्ड पोस्टात पडेलच याचा काय भरवसा? तिसरी वाट सगळ्यांत सोपी. नंबर आधीच स्टॉक नंबराखाली आहेत, नाव-पत्ता विक्रीच्या कागदात आहे, दोन्ही जुळवून पाठवायचे एवढेच उरते. एका गिऱ्हाइकाचे सगळे टायर एकाच नोंदीत पाठवता येतात.

गिऱ्हाईक कधी विचारते, माझे नाव तुम्ही का देता, आता मला जाहिराती येणार का. खरे उत्तर द्या. ही नोंद रिकॉलची सूचना पोहोचवण्यासाठी आहे. टायर कंपनीने ही नावे विक्रेत्यांच्या धंद्याला मारक ठरेल अशा कामासाठी वापरू नयेत, असेही नियमात आहे, तेव्हा तुमच्या मालकालाही धास्ती घ्यायचे कारण नाही.

तुमची डीलरशिप टायर कंपनीच्याच ताब्यातली असेल तर पर्याय नाहीत. प्रत्येक विक्री नोंदवून निदान दर ३० दिवसांनी कंपनीला कळवायलाच हवी. ३० दिवसांत ४० हून कमी टायर विकणाऱ्यांना ४० भरेपर्यंत थांबता येते, पण सहा महिन्यांच्या पुढे नाही.

३० दिवस संपण्याआधी

महिन्यातून दोनदा एक यादी काढा : गेल्या पंधरा दिवसांत विकलेल्या गाड्या, त्यांतल्या कोणत्यांच्या आरओवर नवे टायर आहेत, आणि त्यांतल्या कोणत्यांची नोंद गेली. शॉपचा आरओ आणि ऑफिसची विक्री हे दोन कागद एकमेकांना भेटतात ते इथेच. टायरवाल्याचे बिल आहे, गाडी विकली आहे, पण नोंद पाठवल्याची पावती नाही, अशी गाडी सापडली की त्याच दिवशी पाठवा.

नोंद गेल्याची पावती, मग ती संगणकावरची असो की कार्डाची झेरॉक्स, डील जॅकेटमध्ये लावा. आणि लावताना टायरचा कागद वेगळा ठेवा. त्यावर फक्त नाव, पत्ता, नंबर, तारीख. सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख, पगार यांतले काही नको. असे का, ते पुढच्या भागात.

किती वर्षे ठेवायचे

टायरची नोंद किमान ५ वर्षे राखणे ही टायर कंपनीची जबाबदारी आहे. तरी आपली प्रत आपणही ५ वर्षे ठेवावी. टायर पहिल्यांदा विकत घेतल्यापासून ५ वर्षांच्या आत दोषाची सूचना निघाली तर कंपनीला फुकट उपाय करून द्यावा लागतो. तेवढा काळ ‘हे टायर तुम्हीच घातले होते ना’ म्हणून फोन येऊ शकतो.

जॅकेटमधल्या बाकीच्या कागदांच्या मुदतीही पाहा. ओडोमीटरच्या निवेदनाच्या तुम्ही दिलेल्या आणि तुम्हाला मिळालेल्या, दोन्ही प्रती ५ वर्षे ठेवायच्याच, मुख्य धंद्याच्या जागी, मागितल्यावर चटकन काढता येईल अशा क्रमाने. २०११ आणि त्यापुढच्या मॉडेलांना हे निवेदन २० वर्षांपर्यंत लागते. २०१० आणि आधीच्या मॉडेलांची त्यातून सुटका झाली आहे. १०,००० डॉलरहून जास्त रोख घेतली तर १५ दिवसांत आयआरएसचा ८३०० नंबरचा फॉर्म आणि त्याची प्रत ५ वर्षे. कर्जाचा अर्ज, मंजूर झालेला असो की नाकारलेला, २५ महिने. राज्याचे नियम याच्या वर असतात, ते आपापल्या राज्याचे पाहावेत.

याच्या उलट बाजूही आहे. गाडीला कर्ज किंवा लीज जुळवून देणाऱ्या डीलरला एफटीसीचा सेफगार्ड्स नियम लागू आहे. त्याप्रमाणे गिऱ्हाइकाची आर्थिक माहिती, कायद्याने किंवा धंद्याच्या खऱ्या गरजेने ठेवावी लागत नसेल तर, शेवटच्या वापरानंतर दोन वर्षांच्या आत सुरक्षितपणे नष्ट करायची असते. म्हणून टायरचा आणि ओडोमीटरचा कागद कर्जाच्या अर्जात स्टेपल करून ठेवू नका. एक ५ वर्षे हवा, दुसरा त्याआधीच श्रेडरमध्ये जायला हवा. जॅकेटमध्ये दोन कप्पे करा, बाहेर दोन तारखा लिहा, आणि कपाटाला कुलूप असू द्या.

रिकॉल आला तर

टायर कंपनीकडून सूचना आली की त्या नंबरांची विक्री त्याच क्षणी थांबवायची. नियम तसा आहे आणि त्याला ‘आजची डिलिव्हरी तेवढी होऊ दे’ असा अपवाद नाही. डीएमएसमध्ये नंबर चढवलेले असतील तर लॉटवरच्या कोणत्या गाड्यांना ते टायर आहेत हे एका शोधात कळते. त्या गाड्यांच्या चाव्या बोर्डावरून काढून घ्या. सदोष टायर उपाय न करता दुसऱ्या गाडीसाठी विकणे बेकायदा आहे, म्हणून उतरवलेले टायर कंपनी सांगेल त्याप्रमाणे निकामी करून हिशेबाने परत द्या. मागच्या दाराशी ढिगात टाकले तर कुणीतरी उचलून नेतो आणि ते पुन्हा कुणाच्या तरी गाडीखाली येतात.

मग विकलेल्या गाड्यांकडे वळा. कंपनी पत्रे पाठवेलच, पण तुमच्या यादीतली नावे तुमच्या ओळखीची आहेत. फोन लावा. गिऱ्हाइकाला सांगा, की पत्र मिळाल्यावर फुकट बदलून घ्यायला कायद्याने १८० दिवस असतात, पण तेवढे थांबू नका, तोवर लांबचा प्रवास आणि जादा ओझे टाळा. पत्र हरवले असेल तर टायरचा नंबर घालून अमेरिकी टायर उत्पादक संघटनेच्या संकेतस्थळावर पाहता येते. जुने टायर ठेवून विकलेल्या गाड्यांचे नंबरही याच पद्धतीने विक्रीआधी तपासावेत असे मी सुचवेन. नोंदीचा नियम त्या टायरांना नाही, पण रस्ता तोच आहे.

आणि तुमच्या डीलरशिपच्या नावाने टायर रिकॉलचे पत्र आले, तर ते मार्केटिंगच्या टपालात जाऊ देऊ नका. टायरवाल्याने तुमच्या सांगण्याआधी, किंवा सांगूनही, एखाद्या गाडीचे टायर तुमच्या नावावर नोंदवले असल्याची ती खूण आहे. पत्रातल्या टायरवरून गाडी शोधा, तिचे जॅकेट काढा, घेणाऱ्याला त्याच दिवशी फोन करा, आणि त्याचे नाव-पत्ता टायर कंपनीला लेखी कळवून नोंद दुरुस्त करून घ्या. मग त्या टायरवाल्याची गेल्या पाच वर्षांतली सगळी बिले काढून बसा. त्याच पद्धतीने नोंदवलेल्या आणखी गाड्या त्यांत असतील, आणि त्या प्रत्येकीच्या खरेदीदाराची नोंद तुम्हालाच नव्याने पाठवावी लागेल.